थरथरीचा हिशेब

वाऱ्याने थरथरणाऱ्या पट्टीतून वीज काढणे हा प्रयोगशाळेतला खेळ आहे, असे जाणकारही म्हणतात. त्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही. पात्यांची पवनचक्की वाऱ्यातली ऊर्जा कितीतरी अधिक पकडते. शिवाय पट्टीची स्वाभाविक वारंवारता आणि वाऱ्याचे भोवरे यांचा मेळ ठरावीक वेगालाच बसतो. वारा तर क्षणोक्षणी बदलतो. मग हा खटाटोप कशासाठी?

आधी ऊर्जेचा हिशेब मांडू. सेकंदाला ३ मीटर वेगाची झुळूक दर चौरस मीटरला सुमारे १६ वॅट वाहून नेते. १० सेंटिमीटर बाजूच्या चौकटीच्या वाट्याला त्यातले १६० मिलिवॅट येतात. पट्टीने त्यातला अर्धा टक्काच पकडला, तरी ०.८ मिलिवॅट हाती लागतो. दर दहा मिनिटांनी तापमान मोजून, क्षणभर संदेश धाडून पुन्हा निद्रिस्त होणाऱ्या संवेदकाचे सरासरी ०.१ मिलिवॅटमध्ये भागू शकते. गरजेच्या आठपट मिळकतीला अपुरी कसे म्हणावे? आणि चक्की तळहाताएवढी केली, की पात्यांची उचल घटते व बेअरिंगचे घर्षण मिळकतीचा मोठा वाटा खाते. महाकाय चक्कीची कार्यक्षमता तिच्या खेळण्याला बहाल करता येत नाही. सोने वखारीच्या काट्यावर तोलू नये.

दुसरा आक्षेप भोवऱ्यांपुरता खरा आहे. पण वारा केवळ भोवऱ्यांनीच हलवतो काय? ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल पिळवटून कोसळला. भोवरे सेकंदाला साधारण एक सुटत होते. पुलाचा एक पीळ पुरा व्हायला सुमारे पाच सेकंद लागत होते. मेळ नव्हताच. संशोधक बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये हेच दाखवून दिले: हालचालच वाऱ्याकडून नवे बळ खेचत होती. चौकोनी छेदाचा दांडाही वाऱ्याने एक उंबरठा ओलांडला की असाच स्वतःहून डोलू लागतो; पुढे वेग वाढला तरी थांबत नाही. मेळाची अटच गळून पडते.

वारा पडतो, पदार्थ थकतो, हे मान्य. पहिल्यावर साठवणूक हा उपाय आहे; दुसऱ्यावर काम उरले आहे. घरे उजळण्याचा दावा मात्र या पट्टीने कधी केलाच नव्हता.

उच्चदाब वाहिन्यांच्या तारांवर डंबेलसारखी वजने टांगलेली वाचकांनी पाहिली असतील. वाऱ्याची थरथर तारेला थकवून तोडू नये, म्हणून ही वजने त्या थरथरीची ऊर्जा जिरवत असतात. जी थरथर जिरवण्यासाठी आपण खर्च करतो, तिला क्षुल्लक ठरवायचे कोणत्या न्यायाने? निकाल वाचकांनी द्यावा.