क्लेरोटेरिऑन
* क्लेरोटेरिऑन : अथेन्समध्ये न्यायसभेसाठी नागरिक निवडण्याचे दगडी सोडतयंत्र. शिळेवरील प्रत्येक खाचेत एकेका इच्छुकाची नावपट्टी बसवत. बाजूच्या नळीतून पांढरा फासा पडला, तर त्या आडव्या ओळीतले सगळे त्या दिवशी न्यायदानाला बसत. काळा पडला तर घरी जात. ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये सोडत लोकशाहीची आणि निवडणूक अल्पजनसत्तेची खूण मानली आहे, लेखकाचा येथील रोख त्याकडेच आहे. मतपेटीशिवाय लोकशाही आपल्याला सुचत नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवले. (स्त्रिया व गुलाम यांच्या नावाची पट्टी त्या खाचेत कधीच गेली नाही, हेही विसरू नये.) अशा यंत्राचा संगमरवरी तुकडा अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. आयर्लंडच्या २०१६च्या नागरिक सभेतील ९९ सामान्य नागरिक याच तत्त्वाने निवडले होते. गर्भपातावरील २०१८चे सार्वमत त्यांच्या शिफारशींनंतर झाले. — संपा.