त्रेसष्ट मतें कोठें गेलीं?

एखाद्या विधेयकाविरुद्ध जून महिन्यांत त्रेसष्ट सभासदांनीं मत द्यावें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याहून कडक विधेयक त्याच सभागृहांत एकाही विरोधी सुरावांचून संमत व्हावें, असा प्रसंग संसदीय इतिहासांत विरळाच. कॅनडांत तो २०२१ सालीं घडला. विषय होता समलिंगी व्यक्तींचा लैंगिक कल पालटूं पाहणाऱ्या तथाकथित उपचारांचा. ‘कन्व्हर्शन थेरपी’ हें त्यांचें रूढ नांव. कोठें प्रार्थना नि उपदेश, कोठें समुपदेशन, आणि मागील काळांत तर विजेचे धक्के व ओकारी आणणारीं औषधेंसुद्धां! जागतिक आरोग्य संघटनेनें समलैंगिकता रोगांच्या यादींतून १९९० सालींच काढून टाकली. जो रोगच नव्हे त्यावर उपचार तो कसला?

या विरोधाचें मूळ समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. कॅनडांत १९६९ पर्यंत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. एव्हरेट क्लिपर्ट नांवाच्या एका कामगाराची त्याबद्दलची बेमुदत कैद सर्वोच्च न्यायालयानें १९६७ मध्यें कायम केली, तेव्हां न्यायमंत्री पियर ट्रूडो यांनीं, लोकांच्या शयनगृहांत सरकारचें काम काय, अशा आशयाचा सवाल केला. पुढें कायदा बदलला. पन्नास वर्षांनीं त्यांचे पुत्र जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारनें या उपचारांवर बंदीचें विधेयक आणलें, आणि गंमत अशी कीं विरोधकांनीं पित्याचाच युक्तिवाद पुत्रापुढें ठेवला: आईबाप व मुलें, पाद्री व भाविक यांच्या खासगी बोलण्यांत सरकारनें कां डोकवावें?

कॅथलिक बिशपांची परिषद आणि इव्हँजेलिकल फेलोशिप यांचें म्हणणें असें, कीं जुलूमजबरदस्ती आम्हांसही मान्य नाहीं. आमचा आक्षेप व्याख्येवर आहे. न्यायमंत्री डेव्हिड लॅमेटी उत्तर देत कीं, नुसतें मतप्रदर्शन हा गुन्हा नव्हे. सारें ख्रिस्ती मत मात्र एका बाजूस नव्हतें. युनायटेड चर्चनें समलिंगी व्यक्तींना धर्मोपदेशकाचें पद १९८८ सालींच खुलें केलें होतें.

फौजदारी कायद्यांतील शब्द काटेकोर असावा, ही मागणी मला रास्त वाटते. परंतु व्याख्येवर आक्षेप घेतांना, ज्या मुलाला ‘तूं जसा आहेस तसा चालणार नाहींस’ असें वर्षानुवर्षें ऐकविलें जातें, त्याचा विचार किती जणांनीं केला?

२२ जून २०२१ रोजीं कॉमन्स सभेंत २६३ विरुद्ध ६३ मतें पडलीं. विरोधी मतें जवळजवळ सर्व कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचीं. पक्षनेते एरिन ओटूल यांनीं सभासदांना मोकळीक दिली होती. स्वतः त्यांनीं मात्र विधेयकाच्या बाजूनें मत दिलें. इतक्यांत निवडणूक लागली आणि सेनेटांत विधेयक बारगळलें.

नवें विधेयक नोव्हेंबरअखेर आलें. पहिल्यांत लहान मुलांना व नाखूष प्रौढांना संरक्षण होतें. यांत प्रौढाची संमती असली तरी बंदी, आणि पांच वर्षांपर्यंत कैद. व्याख्येंत विरोधकांना हवी होती ती दुरुस्ती नव्हतीच. तरीही १ डिसेंबरला कॉन्झर्व्हेटिव्ह सभासद रॉब मूर यांनींच तें एकमतानें संमत करण्याचा प्रस्ताव मांडला. एक जरी ‘नाहीं’ उठला असता तरी प्रस्ताव पडला असता. त्रेसष्टांपैकीं बरेच जण पुन्हां निवडून आलेले होते. कोणीही बोललें नाहीं. टाळ्या मात्र वाजल्या. मला यांत मतपरिवर्तनापेक्षां राजकीय हिशेबच अधिक दिसतो. नांवानिशीं मत नोंदवायचें नसलें म्हणजे माघार सोपी जाते.

७ डिसेंबरला सेनेटनें व दुसऱ्या दिवशीं राजप्रतिनिधींनीं संमति दिली. ७ जानेवारी २०२२ पासून कायदा अमलांत आला. भिन्नलिंगी कल हाच श्रेष्ठ, ही मिथ्या समजूत होय, असें त्याची प्रस्तावना म्हणते. धर्मगुरूंना झोंबलें तें हेंच. कॅलिफोर्नियाचे पाद्री जॉन मॅकआर्थर यांनीं हांक दिली, आणि १६ जानेवारीच्या रविवारीं कॅनडांत व अमेरिकेंत अनेक देवळांतून या कायद्याविरुद्ध प्रवचनें झालीं. प्रस्तावनेंतला शब्द कोणाला तुरुंगांत धाडीत नाहीं, शिक्षा होते ती कृतीला, हें त्यांतील किती जणांनीं वाचलें होतें कोण जाणे. संसदेंत मुकाट राहिलेला विरोध त्या दिवशीं प्रार्थनामंदिरांत मोठ्यानें बोलत होता.