झथुरा : एका वाचनसाधनाची पूर्वपीठिका

‘झथुरा’ हे पीडीएफ वाचण्याचे मुक्तस्रोत साधन प्रामुख्याने लिनक्सवर प्रचलित आहे. त्यात बटनांची रांग नाही. ‘जे’ व ‘के’ या कळांनी पान खालीवर सरकते, ‘एच’ व ‘एल’ यांनी डावीउजवीकडे. ही योजना त्याच्या कर्त्यांची नव्हे. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली येथे ‘व्हीआय’ हा संपादक रचला, तो एडीएम-३ए या टर्मिनलवर. आणि त्या टर्मिनलच्या कळफलकावर बाणांची चिन्हे याच चार कळांवर होती. यंत्र कालबाह्य झाले, बोटांची सवय तेवढी उरली.

झथुराच्या हलकेपणाची स्तुती पुष्कळ होते. ती थोडी तपासून घेतली पाहिजे. पीडीएफचा अर्थ हे साधन स्वतः लावीतच नाही. ते काम पॉपलर किंवा म्यूपीडीएफ यांजकडे सोपविलेले असते. म्हणजे भार आहेच, तो दुसऱ्याने उचललेला आहे. पॉपलरही स्वयंभू नव्हे : डेरेक नूनबर्ग यांच्या १९९५ मधील ‘एक्सपीडीएफ’मधून ते २००५ साली वेगळे निघाले. आणि अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफचे विनिर्देश प्रसिद्ध केले नसते, तर नूनबर्ग यांचे काम फार दुष्कर झाले असते.