मडगार्डवरचा पांढरा पट्टा : सायकलच्या दिव्यांचा दुर्लक्षित इतिहास

12 डिसेंबर 2023 रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या 'नासा'च्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून 'चांद्रयान-3'च्या विक्रम लँडरकडे लेसरचे स्पंद सोडले आणि ते परावर्तित होऊन यानाकडे परतले. विक्रम तोपर्यंत काही महिने निःशब्द झाला होता. तरीही त्याचे नेमके स्थान मोजता आले, ते त्याच्यावर बसवलेल्या जेमतेम 5 सेंटिमीटर रुंदीच्या एका घुमटीमुळे. तिच्यातील आठ लहान प्रिझमांना वीज लागत नाही की देखभाल लागत नाही. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला तो परत पाठवणे, एवढेच त्यांचे काम.

याच तत्त्वावर चालणारी एक वस्तू आज रात्री जयपूरच्या टोंक रस्त्यावरून घरी परतणाऱ्या एखाद्या कामगाराच्या सायकलमागेही असेल. मडगार्डवर बसवलेला तो लाल प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर काही रुपयांना मिळतो. त्याच्या आतील पृष्ठभाग नीट न्याहाळला, तर परस्परांना काटकोनात भेटणाऱ्या तीन-तीन लहान पृष्ठांची दाटी दिसते. असे असताना सायकलस्वाराला आपल्या सुरक्षेचे दिवे आणि वळण दाखवणारे इंडिकेटर घरीच का जुळवावे लागतात? याचे उत्तर भौतिकशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यातील शीशमहाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो सतराव्या शतकात मिर्झा राजा जयसिंहाच्या काळात उभा राहिला. 1665 च्या पुरंदरच्या तहामुळे महाराष्ट्राला परिचित असलेला हाच तो जयसिंह. तेथे एक मेणबत्ती पेटवली की छतभर चांदण्या उमटल्यासारखे वाटते, कारण आरशाचा प्रत्येक तुकडा प्रकाश निराळ्या दिशेला फेकतो. रस्त्यावर याच्या उलट गुण हवा असतो. मोटारीच्या दिव्याचा प्रकाश चहूकडे न विखुरता थेट चालकाच्या डोळ्यांकडे परतला पाहिजे. काटकोनातील तीन आरसे तेवढेच करतात. प्रकाशकिरण एकेका पृष्ठावर आपटून तीनदा वळतो आणि आल्या वाटेने माघारी जातो.

मात्र या युक्तीला एक मर्यादा आहे. रिफ्लेक्टर स्वतः बोलत नाही. तो केवळ विचारणाऱ्याला उत्तर देतो. बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या, दिवा दुसरीकडे रोखलेल्या वाहनाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच आहे. शिवाय सायकलस्वार कोठे वळणार आहे, हे तो कधीच सांगू शकत नाही. त्यासाठी स्वतःचा प्रकाश लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलला तेलाचे दिवे लावत. पुढे कार्बाइडचे दिवे आले. वरच्या कप्प्यातून कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पांढऱ्या ज्योतीने जळे. भारतातील शहरांत रात्री सायकलला पुढे बत्ती असावी, हा नियम दीर्घकाळ अमलात होता. पुण्याच्या जुन्या पिढीला सायकलचा बिल्ला, डबलसीट आणि बत्ती या तीन कारणांसाठी पोलिसाने अडवल्याच्या गोष्टी आजही आठवतात. पण ही बत्ती प्रामुख्याने पुढे असे. समोरच्या पादचाऱ्याला सायकल दिसावी, हा तिचा हेतू होता. मागून येणाऱ्या वेगवान मोटारीचा प्रश्न तेव्हा आपल्या रस्त्यांवर जवळजवळ नव्हताच.

हा प्रश्न ब्रिटनमध्ये आधी उभा राहिला आणि त्यावर तेथे मोठा वाद झाला. 1927 च्या कायद्याने सायकलच्या मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर सक्तीचा केला. 1934 च्या कायद्यातून मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा असावा असा नियम आला. मागच्या दिव्याच्या सक्तीला सायकलस्वारांच्या 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' या संघटनेचा दीर्घकाळ विरोध होता. वरवर पाहता हा विरोध विचित्र वाटतो, परंतु त्यामागील युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. पुढे काय आहे हे पाहून वाहन चालवणे, आपल्याला दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवणे, ही चालकाची जबाबदारी आहे. मागच्या दिव्याची सक्ती झाली, की ही जबाबदारी हळूहळू सायकलस्वाराच्या खांद्यावर सरकेल आणि अपघातानंतर पहिला प्रश्न 'दिवा होता का?' असा विचारला जाईल, अशी त्यांना भीती होती. 1939 मध्ये महायुद्धातील अंधारबंदी आली, रस्ते काळोखात बुडाले आणि मागचा दिवा आवश्यक ठरला.

आता आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीकडे पाहावे. तिच्या मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा रंग दिलेला असतो. अनेकांना ती केवळ सजावट वाटते. वस्तुतः तो ब्रिटिश रस्त्यांवरील त्या नियमाचा वारसा आहे. आपल्या कारखान्यांनी ब्रिटिश सायकलीचा नमुना उचलला, त्याबरोबर हा पट्टाही आला आणि येथे टिकून राहिला. पट्टा आला, पण त्यामागील वाद मात्र आला नाही. दिसण्याची जबाबदारी कोणाची आणि पाहण्याची कोणाची, हे आपण नीट विचारलेच नाही.

मधल्या काळात डायनामो आला. बॉश कंपनीने 1923 मध्ये सायकलसाठी विजेच्या दिव्यांची जोडणी बाजारात आणली. टायरला घासून फिरणारी ती बाटलीच्या आकाराची वस्तू आपल्याकडेही घरोघरी परिचित झाली. तिचे भौतिकशास्त्र मोठे सुंदर आहे. वेग वाढला की व्होल्टेज वाढते. पण त्याच वेळी प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता वाढल्यामुळे वेटोळ्याचा विरोधही वाढतो. परिणामी विद्युतप्रवाह जवळजवळ स्थिर राहतो, सामान्यतः 6 व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे 3 वॉट. कोणत्याही सर्किटविना साधलेले हे नियंत्रण आहे. दोष एकच, पण तो मोठा. चाक थांबले की दिवा विझतो. म्हणजे चौकात, जेथे त्याची सर्वाधिक गरज, तेथेच तो साथ सोडतो.

वळण दाखवण्याचे काम तर हातावरच राहिले. मोटारींना आधी बाजूला उघडणारे दांडे लाभले, पुढे 1939 पासून अमेरिकेतील ब्यूक मोटारींना उघडझाप करणारे विजेचे इंडिकेटर मिळाले आणि कालांतराने ते सर्वत्र बंधनकारक झाले. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात यांत्रिक शक्तीने चालणारी वाहने येतात. पायाने चालणारी सायकल त्या व्याख्येबाहेर आहे. त्यामुळे इंडिकेटरविषयीचे नियमही तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. दिवसा हात दाखवता येतो. रात्री तो काळोखात विरतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एक हात सोडणे हा स्वतंत्र धोका असतो.

जयपूरमध्ये हे विशेष जाणवते. 1727 मध्ये सवाई जयसिंहाने वसवलेले हे शहर काटकोनांचे आहे. सरळ रस्ते, त्यांना छेदणारे सरळ रस्ते आणि छेदबिंदूंवर बडी चौपड, छोटी चौपड. आपल्या देशात डाव्या बाजूने वाहने चालतात, म्हणून उजवीकडे वळताना सायकलस्वाराला मागून येणारा संपूर्ण प्रवाह ओलांडावा लागतो. ज्याला दिवसातून अनेकदा असे वळावे लागते, त्याच्यासाठी इंडिकेटर हा हौसेचा विषय उरत नाही.

घरच्या घरी इंडिकेटर जुळवणे शक्य झाले ते प्रयोगशाळेतील दोन शोधांमुळे. 1962 मध्ये निक होलोन्याक यांनी दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी दाखवला. हान्स कॅमेन्झिंड यांनी 1971 मध्ये 555 या टायमर चिपची रचना केली. सुरुवातीचे एलईडी मंद होते. रस्त्यावर उपयोगी पडतील इतके तेजस्वी लाल-पिवळे एलईडी 1990 च्या दशकात आले, 1993 मध्ये निळा तेजस्वी एलईडी आला आणि त्यातून पांढरा प्रकाश साधला. निळ्या एलईडीच्या संशोधनास 2014 चे नोबेल पारितोषिक लाभले. किमतीची गोष्ट तर आपल्या देशातच घडली. 2015 मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतील मोठ्या खरेदीमुळे एलईडी बल्बचा खरेदी दर 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. एके काळी प्रयोगशाळेत जपून हाताळला जाणारा अर्धवाहक प्रकाश अशा रीतीने किराणा दुकानापर्यंत पोहोचला.

आज शालेय विज्ञान प्रदर्शनांत दिसणारा सायकलचा इंडिकेटर बहुधा असा असतो : 6 व्होल्टची बॅटरी, 555 चिप, 10 किलोओहम आणि 47 किलोओहमचे दोन रोधक, 10 मायक्रोफॅरडचा धारक आणि हँडलवर तीन स्थितींचे बटण. या मूल्यांनी मिनिटाला सुमारे 83 उघडझापा मिळतात. मोटारींसाठी मिनिटाला 60 ते 120 ही मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांत मान्य आहे, म्हणजे हे घरगुती यंत्र प्रमाणात बसते. प्रत्येक पिवळ्या एलईडीला 220 ओहमचा रोधक जोडला की प्रवाह सुमारे 18 मिलिअँपिअरवर राहतो.

चूक बहुधा सर्किटात नसते, जागेत असते. दोन्ही इंडिकेटर कॅरिअरवर 15 सेंटिमीटर अंतराने बसवले, तर 50 मीटरवरील चालकाला त्यांच्यातील अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या एक तृतीयांश एवढेच दिसते. त्यातील एकच दिवा लुकलुकत असेल, तर तो डावा की उजवा हे कळण्यास मार्ग नाही. हँडलच्या दोन टोकांना, सुमारे 60 सेंटिमीटर अंतरावर ते लावले, तर हेच अंतर चंद्राच्या व्यासाहून थोडे अधिक भासते. मात्र ते स्वाराच्या अंगामागे झाकले जाऊ नयेत, याची खात्री मागे उभे राहून करून घ्यावी लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मध्यभागी अखंड जळणारा लाल दिवा. तो संदर्भबिंदू असेल तरच लुकलुकणारा दिवा कोणत्या बाजूचा आहे, हे ठरवता येते. लाल दिवा आधी, इंडिकेटर नंतर, हा क्रम बदलू नये.

यात पणाला काय लागले आहे, ते साध्या गणिताने कळते. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तेथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे 23 मीटर लागतात. म्हणजे काळ्या कपड्यांतील सायकलस्वार 48 मीटरच्या आत दिसला, तर वाहन त्याच्यापूर्वी थांबू शकत नाही. खाली वळवलेल्या हेडलाइटच्या प्रकाशात असा दिवा नसलेला स्वार अनेकदा याहून जवळ आल्यावरच नजरेस पडतो. 2022 मध्ये भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. हिवाळ्याच्या पहाटे सांगानेर किंवा सीतापुऱ्याच्या कारखान्यांकडे सायकलने निघणाऱ्यांपाशी दुसरे वाहन घेण्याचा पर्याय बहुधा नसतो.

2020 मध्ये केंद्र सरकारने सायकलवरील रिफ्लेक्टरांच्या गुणवत्तेसाठी नियंत्रण आदेश काढला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण रिफ्लेक्टर विचारल्यावरच उत्तर देतो, हे आपण पाहिले. साधी सायकल आजही बहुधा दिव्याविना विकली जाते. उरलेला भाग ग्राहकाने पूर्ण करायचा असतो. घरी जुळवलेला दिवा म्हणजे कारखान्याने आणि कायद्याने मोकळी सोडलेली ती जागा आहे. त्याला केवळ 'जुगाड' म्हणून कौतुक करणे म्हणजे ती जागा मोकळी राहू देणे होय.

जुगाडाचे पुढे काय करावे, याचा धडाही जयपूरनेच दिला आहे. 1968 च्या सुमारास येथील सवाई मानसिंह रुग्णालयाशी निगडित कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय विकसित केला. असे सांगतात, की सायकल पंक्चर झाल्यामुळे रामचंद्र शर्मा दुकानाशी थांबले असता ट्रकच्या टायरवर रबर चढवण्याचे काम त्यांनी पाहिले आणि व्हल्कनाइज्ड रबराची कल्पना तेथे सुचली. पण ती कल्पना दुकानातच राहिली नाही. तिला शल्यचिकित्सकाचे ज्ञान मिळाले, रुग्णांवर चाचण्या झाल्या, सुधारणा झाल्या आणि 1975 मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो पाय गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवला. कारागिराची युक्ती, वैज्ञानिकाचे मोजमाप आणि संस्थेचे पाठबळ अशा तीन पायऱ्या ओलांडल्यावरच ती युक्ती तंत्रज्ञान झाली.

सायकलचा दिवा अद्याप पहिल्याच पायरीवर आहे. पावसात टिकणारे आवरण, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी न तुटणारे सोल्डरिंग, समोरच्याचे डोळे न दिपवणारी तेजस्विता, हे सर्व मोजता येते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये ते मोजण्याची साधनेही आहेत. त्या मोजमापांतून एक प्रमाण ठरावे आणि विक्रीच्या वेळीच प्रत्येक सायकलला मागचा दिवा असावा, एवढी मागणी अवास्तव नाही. आणि चालकांपुरते सांगायचे, तर 1930 च्या दशकातील त्या सायकलस्वारांचा युक्तिवाद आजही तितकाच खरा आहे. दिवा लावणे हे सायकलस्वाराच्या हाती असेल, पण दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल असा वेग ठेवणे हे आपल्या हाती आहे.