बोंडअळीला कसं कळतं की आता झोपायची वेळ झाली?

परभणीत जूनमध्ये सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. आपल्याला हा फरक फारसा जाणवत नाही, पण कपाशीच्या बोंडातल्या गुलाबी बोंडअळीला तो बरोबर कळतो.

दिवस लहान होत गेला की ही अळी कोषात जायचं थांबवते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत गुंडाळून पडते. खाणं नाही, वाढ नाही. यालाच सुप्तावस्था म्हणतात.

अमेरिकेत टेक्सासमध्ये पेरी ॲडकिसन या कीटकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हे प्रयोगशाळेत तपासलं. दिवस १३ तासांच्या खाली गेला की अळ्या झोपू लागतात, असं त्यांना दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, परभणीत तर ऑगस्टमध्येच दिवस १३ तासांच्या आत येतो, मग अळी तेव्हा का झोपत नाही? कारण ती फक्त घड्याळ बघत नाही. गरमी असेल तर झोप लांबते. रात्री गार झाल्या आणि खायला पक्व, तेलकट सरकी मिळाली, की झोपणाऱ्यांची संख्या वाढते. म्हणून खरा धोका नोव्हेंबरनंतरच्या बोंडांत असतो.

आणि इथेच फरदडीचा घोळ आहे. चार पैसे जास्त मिळतील म्हणून पाणी देऊन कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवायची, म्हणजे अळीला जेवण आणि अंथरूण दोन्ही द्यायचं. शेतकऱ्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यात काय केलं ते विसरता येत नाही. बीटी कपाशीही तिच्यापुढे टिकली नाही.

म्हणूनच डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात. जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीतही अळ्या असतात, हे मात्र कमी बोललं जातं.

मे-जूनमध्ये उकाडा आणि ओलावा वाढला की झोपलेल्या अळ्यांचे पतंग होऊन बाहेर पडतात. त्यांचं आयुष्य जेमतेम एक-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात पाते-फुलं मिळाली नाहीत, तर बरेचसे पतंग पुढची पिढी न वाढवताच मरतात. मान्सूनपूर्व लागवडीची कपाशी मात्र त्यांना वेळेवर सापडते. मध्यंतरी काही वर्षं सरकारने १ जूनआधी शेतकऱ्यांना कपाशीचं बियाणं विकू नका असं सांगितलं, ते याचसाठी.

शेतात डोमकळी, म्हणजे गुलाबासारखं मिटून राहिलेलं फूल दिसलं, तर ते तोडून नष्ट करा. आत अळी असते.