मेमरी कार्डांची झीज व नागपूर परिसरातील व्याघ्रगणना

मेमरी कार्ड : डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे वीजपुरवठ्याविना टिकवून ठेवणारे व कॅमेऱ्यातून काढता-घालता येणारे सपाट साधन. त्याच्या साठवणयंत्रणेत फिरणारा भाग नसल्याने ते झिजत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आतील स्मृतिपेशी शाबूत असतानाही बाहेरचे प्लॅस्टिकचे कवच वारंवार काढघाल केल्याने मोडू शकते. नागपूर परिसरातील जंगलांत वाघांची गणना स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आधारे होत असल्याने या किरकोळ भासणाऱ्या दोषास तेथे विशेष महत्त्व आहे.

इतिहास : डिजिटल कॅमेऱ्याचा आद्य नमुना कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केला. त्यात चित्राची नोंद चुंबकीय फितीच्या कॅसेटवर होत असे. तोशिबा कंपनीतील फूजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची माहिती प्रसिद्ध केली व तीमुळे फितीवाचून साठवण शक्य झाली. सॅनडिस्क कंपनीने १९९४ मध्ये आणलेल्या काँपॅक्टफ्लॅश कार्डासाठी कॅमेऱ्याच्या खाचेत ५० बारीक पिना असत. कार्ड तिरपे घातल्यास पिन वाकून कॅमेराच दुरुस्तीस पाठवावा लागे. सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या एसडी कार्डात संपर्कपट्ट्या कार्डाच्या पृष्ठभागावर व त्यांना टेकणाऱ्या स्प्रिंगा कॅमेऱ्यात ठेवण्यात आल्या. पिना वाकण्याचा धोका त्यामुळे टळला. मात्र नाजूक भाग कॅमेऱ्यातून कार्डावर आला.

मोडण्याची कारणे : एसडी कार्ड ३२ मिमी. लांब, २४ मिमी. रुंद व २.१ मिमी. जाड असते. त्याचे कवच सामान्यतः प्लॅस्टिकच्या दोन पातळ अर्ध्या भागांना कडेने जोडून बनवितात. जोड उकलला की कार्ड फुगते व खाचेत अडकते. संपर्कपट्ट्यांमधील प्लॅस्टिकच्या अरुंद पाकळ्या तुटल्यास त्यांचे तुकडे खाचेत राहून पुढील कार्डासही इजा करतात. लेखनबंदीची सरकपट्टी गळून पडल्यास कॅमेरा कार्ड बंद असल्याचे समजतो व नवी छायाचित्रे नोंदवीत नाही. एसडी कार्डाच्या प्रमाणकानुसार ते १०,००० वेळा घालता-काढता यावे, अशी अपेक्षा असते. दिवसातून एकदा काढघाल केल्यास हा आकडा गाठण्यास सु. २७ वर्षे लागतील. त्यामुळे बहुतेक कार्डे केवळ वापराच्या संख्येने नव्हे, तर तिरपा दाब, धूळ व घाईने ओढणे यांमुळे मोडतात, असे म्हणता येते.

व्याघ्रगणनेतील स्थान : नागपूर येथे महाराष्ट्राच्या वनविभागाचे मुख्यालय असून पेंच व्याघ्र प्रकल्प याच जिल्ह्यात आहे. पूर्वी वाघांची संख्या पाऊलखुणांवरून ठरविली जाई. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात वाघ उरले नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाल्यावर त्या पद्धतीवरील विश्वास उडाला आणि २००६ पासूनच्या राष्ट्रीय गणनेत छायाचित्रांचा आधार घेण्यात आला. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात व त्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टेही सारखे नसतात; म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांतून मिळालेल्या ३,४८,५८,६२३ छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २०१८ मध्ये ३१२ व २०२२ मध्ये ४४४ होती.

या पद्धतीत वनरक्षकास कॅमेऱ्याजवळ जाऊन कार्ड काढावे लागते, त्यातील नोंदी उतरवाव्या लागतात व ते पुन्हा घालावे लागते. हे काम धुळीत, पुष्कळदा एका हाताने व वाघाच्या वावराच्या जागी करावयाचे असल्याने कार्ड सरळ बसविण्याइतकी सवड मिळतेच असे नाही. कार्ड निकामी झाल्याचे तेथेच लक्षात आले नाही, तर पुढील फेरीपर्यंत कॅमेरा निरुपयोगी राहतो. नवे कार्ड अल्प किंमतीत मिळते. पण त्या वाटेने त्या रात्री गेलेल्या वाघाची नोंद पुन्हा मिळविता येत नाही.

उपाय : कवच मोडले तरी आतील स्मृतिचकती बहुधा सुस्थितीत असते. अशा वेळी आतील मंडलफलक दुसऱ्या कवचात बसवून छायाचित्रे परत मिळविता येतात. म्हणून मोडके कार्ड टाकून देऊ नये. सोनी कंपनीने २०१८ मध्ये पाकळ्या व सरकपट्टी नसलेले, एकसंध साच्यात घडविलेले एसडी कार्ड जाहीर केले. साध्या कार्डांच्या बाबतीत खाच झटकून घेणे, कार्ड सरळ रेषेत घालणे, घातल्यावर एक चाचणी छायाचित्र घेणे व कवचास चीर दिसताच कार्ड बदलणे हे उपाय पुरेसे ठरतात.