पेट्रोलवरच्या दोन आण्यांची वाटचाल

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक प्रचंड दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाटातून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणात जमा होत असे, अशी परंपरा सांगते. जवळच्याच लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. वाट वापरणाऱ्याने वाटेचा खर्च उचलावा, हा विचार किती जुना आहे हे समजायला आपण इथूनच निघालेले बरे. पुढे राज्ये बदलली, नाके बदलले, तरी वाटेवर उभे राहून पैसा गोळा करण्याची पद्धत शेकडो वर्षे टिकली. या पद्धतीला वेगळे वळण मिळाले ते इंग्रजी अमदानीत. मुंबई इलाख्यात 1869 च्या लोकल फंड कायद्याने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेतला जाऊ लागला. त्यातले दोन तृतीयांश रस्त्यांसाठी आणि उरलेले शाळांसाठी राखून ठेवले जात. म्हणजे आपल्या जिल्ह्यांतले कितीतरी जुने रस्ते शेतकऱ्याच्या साऱ्यावर चढवलेल्या एका आण्यातून झाले आहेत. हा शेतकरी त्या रस्त्यावरून वर्षातून किती वेळा गाडी हाकत होता, याची विचारपूस मात्र कोणी केली नाही. आज त्याचे नावही या इतिहासात घेतले जात नाही, म्हणून ते इथे मुद्दाम घ्यावेसे वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली आणि रस्त्यांचे सगळे गणित बिघडले. तोवरचे रस्ते खडी दाबून, वर मुरूम आणि पाणी घालून केलेले असत. बैलगाडीचे लोखंडी धाव बसवलेले चाक खडीचा चुरा करी आणि तोच चुरा फटीत बसून रस्ता धरून ठेवी. वेगाने धावणारे रबरी चाक तो चुरा ओढून उडवू लागले. धूळ हवेत गेली, खडी उघडी पडली, आणि वर्षानुवर्षे टिकणारा रस्ता लवकरच उखडू लागला. ज्या वाहनाने हे नुकसान केले त्याच्याकडूनच त्याची भरपाई घ्यावी, ही कल्पना जवळपास एकाच सुमाराला अनेक देशांत सुचली. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी 1909 च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर गॅलनमागे तीन पेन्स कर बसवला आणि हा पैसा फक्त रस्त्यांवर खर्च होईल, असे वचन दिले. अमेरिकेत ऑरेगन राज्याने 1919 मध्ये गॅलनमागे एक सेंट कर लावला, आणि दहा वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी तेच केले. पण वचन देणे आणि पाळणे यांत अंतर पडायला वेळ लागला नाही. 1926 मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी रस्ते निधीतली शिल्लक सरकारच्या सर्वसाधारण खर्चाकडे वळवली. आपल्या कथेतली ही पहिली मोठी ठेच, आणि पुढे तिची पुनरावृत्ती अनेकदा झालेली आपण पाहणार आहोत.

त्यानंतरच्याच वर्षी रस्त्यांसाठी पेट्रोलवर कर घेण्याचा विचार हिंदुस्थानात आला, आणि त्याची सूत्रे एका मराठी माणसाच्या हाती आली. 1919 च्या घटनात्मक सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता. प्रांतांकडे आणि लोकल बोर्डांकडे मात्र तेवढा पैसा नव्हता. म्हणून 1927 च्या अखेरीस बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. जयकरांना आपण स्वराज्य पक्षाचे पुढारी आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या हातून झालेले रस्त्यांचे काम मात्र आपल्या स्मरणातून पुसले गेले, आणि ही मोठी चूक आहे. 1928 च्या अहवालात समितीने स्वच्छ सांगितले, की रस्त्यांचे काम आता प्रांतांच्या आवाक्याबाहेर गेले असून ते राष्ट्राचे काम मानले पाहिजे, आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा. त्याप्रमाणे मार्च 1929 मध्ये पेट्रोलवरचे शुल्क गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आण्यांवर गेले, आणि वरच्या दोन आण्यांतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. केंद्राने दहावा हिस्सा राखून उरलेला पैसा प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटायचा, असे ठरले. रस्त्यांवर काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी विचारपीठ असावे ही समितीची आणखी एक शिफारस, आणि तिच्यातून 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आजही देशातल्या रस्त्यांची आणि त्यांवरच्या पुलांची मानके हीच संस्था लिहिते.

एक गोष्ट मात्र तेव्हापासूनच सैल राहिली. निधीचा सगळा रोख नव्या रस्त्यांकडे होता. झालेल्या रस्त्याची वर्षानुवर्षे काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या रिकाम्या तिजोरीवर सोडलेला होता. 1943 मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते अशी प्रतवारी लावून वीस वर्षांचा आराखडा दिला, आणि आज आपण वापरतो ती विभागणी त्याच नागपूर योजनेची. तिचीही भाषा मैलांच्या लांबीची होती. स्वातंत्र्यानंतर रस्ते वाढत गेले, निधीचा वाटा मात्र लिटरमागे काही पैशांवर अडकून राहिला. 1988 मध्ये संसदेने तो वाढवण्याचा ठराव केला, पण ठराव कागदावरच राहिला.

खरे वळण आले ते 1998 मध्ये. पेट्रोलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसला, पाठोपाठ 1999 मध्ये डिझेलवरही. 2000 च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने या पैशाचे वाटे ठरवून दिले, आणि डिझेलच्या उपकरातला निम्मा पैसा ग्रामीण रस्त्यांना मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना या पैशावर उभी राहिली. आपल्या डोंगरी तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोचले, त्यात या उपकराचा मोठा भाग आहे. हे यश मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. 2018 मध्ये मात्र निधीचे रूपच पालटले. उपकर आठ रुपये झाला, निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द जोडले गेले, आणि रेल्वे, जलमार्ग, पाणीपुरवठा, अगदी शाळा-दवाखान्यांपर्यंतची कामे त्याच्या कक्षेत आली. मे 2020 मध्ये हा उपकर लिटरमागे अठरा रुपयांवर गेला. पुढे तो उतरत मे 2022 मध्ये पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दोन रुपये झाला, तरी इंधनावरचे केंद्राचे इतर कर कायम राहिले. त्या वेळी पेट्रोलवरचे केंद्राचे एकूण शुल्क लिटरमागे 19 रुपये 90 पैसे होते. म्हणजे पंपावर आपण केंद्राला देत असलेल्या करातला जेमतेम चौथा हिस्सा रस्त्यांच्या नावाने होता. तोही थेट निधीत जात नाही. आधी भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेच्या मंजुरीने पुढे वळवला जातो. 2018-19 मध्ये निरनिराळ्या उपकरांतून पावणेतीन लाख कोटींच्या आसपास रक्कम जमा झाली, आणि त्यातली सुमारे एक लाख 64 हजार कोटीच आपापल्या राखीव निधींत पोचली, अशी नोंद महालेखापरीक्षकांनी केली आहे. त्यातच, उपकर राज्यांसोबत वाटून घ्यावा लागत नाही. त्यामुळे राज्याचे सार्वजनिक बांधकाम खाते आणि जिल्हा परिषद यांच्या हाती दुरुस्तीसाठी काय उरते, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो.

याची किंमत महाडजवळ मोजावी लागली. सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल 1928 चा, म्हणजे जयकर समितीच्या अहवालाच्याच वर्षाचा. मुंबई-गोवा महामार्गावर शेजारी नवा पूल झाला, तरी एका बाजूची वाहतूक या जुन्या पुलावरूनच चालू राहिली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात तो कोसळला, आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहने नदीत वाहून गेली. कितीतरी घरांतली कर्ती माणसे त्या रात्री गेली. कोसळलेल्या पुलाच्या जागी दुसरा पूल अवघ्या 165 दिवसांत बांधून जून 2017 मध्ये खुला झाला. मनात आणले तर पैसाही मिळतो आणि वेगही येतो, हे त्यातून दिसले. पण जुन्या पुलाची वर्षानुवर्षे बारकाईने तपासणी करणे, पायाची झीज मोजणे, वेळ येताच वाहतूक थांबवणे, या कामाला उद्घाटनाचा दगड बसत नाही. देशभरातल्या पुलांची एकत्र नोंद करणारी व्यवस्थाही ऑक्टोबर 2016 मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर सुरू झाली. राष्ट्रीय महामार्गांच्या देखभालीसाठीची तरतूद गरजेपेक्षा कमी असल्याचे संसदेच्या स्थायी समितीनेही वारंवार लिहून ठेवले आहे.

आता तर कराचा पायाच हलू लागला आहे. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोल कर 1993 पासून गॅलनमागे 18.4 सेंटवर थांबलेला आहे, आणि 2008 पासून तिथल्या महामार्ग निधीत सरकारी तिजोरीतून भर घालावी लागते. अमेरिकेत पेट्रोल कर प्रथम लावणाऱ्या ऑरेगननेच 2015 मध्ये गाडी किती मैल धावली त्यावर आकार घेण्याचा स्वेच्छेचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडे विजेवरच्या मोटारींना ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर आणि पाठोपाठ द्रुतगती मार्गांवर टोलमाफी मिळाली. हवा स्वच्छ राहावी म्हणून ही सवलत योग्यच आहे. पण या गाड्या पेट्रोलवरचा उपकर भरत नाहीत, आणि बॅटरीच्या वजनाने त्या रस्त्यावर अधिकच भार टाकतात.

तेव्हा इंधनावरचा कर रस्त्यांना पुरतो का, याचे माझे उत्तर असे: आपण भरतो तो पैसा थोडा नाही, पण दुरुस्तीचा त्यावर पहिला हक्क कायद्याने कधीच ठेवला गेला नाही. जयकर समितीला शंभर वर्षे पूर्ण होण्याआधी तो हक्क लिहून घ्यावा, निधीचा ठरावीक भाग केवळ जुन्या रस्त्यांच्या आणि पुलांच्या देखभालीसाठी बांधून द्यावा, आणि किती जमा झाले व कोणत्या पुलावर किती खर्च झाले याचा जिल्हावार हिशेब दर वर्षी प्रसिद्ध व्हावा. आपल्या आमदार-खासदारांकडे हा हिशेब आपण प्रत्येकाने लेखी मागावा.